सहा वर्षांच्या मुलाच्या कोपराचा एक्स-रे: दुखतं का, आणि दोन्ही हातांचा कशाला?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सोसायटीच्या घसरगुंडीवरून हातावर पडला, कोपर सुजलंय, हात सरळ करू देत नाही आणि डॉक्टरांनी उद्या दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढून आणायला सांगितलाय. मी ठाण्यात नौपाड्याला एक्स-रे टेक्निशियन आहे. पावसाळ्यात आणि मे महिन्याच्या सुट्टीत अशी पोरं आमच्याकडे येतच असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पण एक्स-रेच्या आधी आज रात्रीचं बघा. दुखऱ्या हाताची बोटं गरम आहेत ना, नखं गुलाबी आहेत ना, पाची बोटं हलवतोय ना? अंगठा आणि तर्जनी टेकवून गोल करून दाखवायला सांगा. बोटं गार पडली, पांढरी-निळी दिसली, मुंग्या येतात म्हणाला, गोल जमला नाही, किंवा दुखणं वाढतच चाललं, तर उद्याची वाट बघू नका आणि आमच्यासारख्या सेंटरवरही येऊ नका; थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. आपल्याकडे कळव्याला पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहेच. या वयात कोपराचं जे हाड सर्रास मोडतं ते कोपराच्या किंचित वर मोडतं, आणि हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा तिथूनच खाली जातात. हात उघड वाकडा दिसत असेल तर निघताना पोराला वडापाव-बिस्किटं चारू नका. एक्स-रेला उपाशी राहावं लागत नाही, पण भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट आड येतं.

मशीनचं म्हणाल तर ते अंगाला लागतसुद्धा नाही. वरून उजेडाचा एक चौकोन हातावर पडतो, मी काचेमागे जाते, टक् असा आवाज येतो, संपलं. दुखतं ते हात ठेवताना. चिठ्ठीवर ‘एपी’ आणि ‘लॅटरल’ लिहिलेलं असेल, म्हणजे एक समोरून आणि एक बाजूने. समोरूनच्यासाठी हात सरळ आणि तळवा वर लागतो. तुमच्या मुलाचा हात सरळ होत नाहीये, तर तो कुणीही ओढून सरळ करायचा नाही, टेक्निशियननेही नाही. वाकलेल्या हाताचे दोन वेगळे घेतात: एकदा दंड एक्स-रेच्या प्लेटला टेकवून, एकदा मनगटाकडचा भाग टेकवून. काम भागतं. कुणी जोर लावायला लागलं तर सरळ थांबवा.

बाजूने घेतलेला मात्र नीट आला पाहिजे, आणि आमचा सगळा वेळ त्यातच जातो. कोपर काटकोनात, अंगठा वर, खांदा आणि कोपर एकाच पातळीत. पोरं बुटकी, टेबल उंच, त्यामुळे आम्ही खुर्चीवर उशा रचतो. तुम्हाला वाटेल, एवढी कटकट कशाला? कोपराच्या सांध्यात चरबीची छोटी गादी असते. मागची गादी एरवी या फिल्मवर दिसत नाही. सांध्यात रक्त साचलं की ती ढकलली जाते आणि हाडामागे काळसर पट्टा उमटतो. मोडल्याची रेघ कुठेच दिसत नसली तरी या पट्ट्यावरून डॉक्टर ओळखतात की आत काहीतरी झालंय. हात जरा कलला की हे वाचणं अवघड होतं.

आता दोन्ही हात का? मुलाचं कोपर जन्माच्या वेळी बहुतेक कूर्चेचं, म्हणजे मऊ कार्टिलेजचं असतं, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. मग साधारण पहिल्या वर्षापासून अकराव्या-बाराव्यापर्यंत हाडाचे सहा ठिपके एकामागून एक ठरलेल्या क्रमाने उगवतात. मुलींमध्ये थोडे लवकर. सहा वर्षांच्या मुलात त्यातले साधारण तीन दिसतात. पाहणाऱ्याला ते तुटलेले तुकडेच वाटतात. आणि कधी खरा तुकडा ठिपका म्हणून खपून जातो. क्रमातला आधीचा ठिपका जागेवर नाही आणि नंतरचा मात्र ‘दिसतोय’, तर डॉक्टर लगेच सावध होतात. अशा वेळी शंका आली की चांगल्या हाताशी ताडून बघतात. सगळे डॉक्टर दोन्ही सांगत नाहीत, तुमच्यांनी सांगितलंय ते काळजीपोटी, कमिशनपोटी नाही. पैसे बहुधा दोन एक्स-रेचे लागतील, ते फोनवरच विचारून घ्या. आणि मोबाइलवर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. काकांना तिथे तीन फ्रॅक्चर दिसतील.

रेडिएशनची धास्ती स्वाभाविक आहे. हातापायाच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.001 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) धरतात. माती, हवा, आकाश यांतून आपल्याला वर्षाला दोन-तीन मिलिसिव्हर्ट तसेच मिळत असतात. म्हणजे दोन्ही हातांच्या मिळून चार-पाच फिल्म धरल्या तरी घरबसल्या एका दिवसात मिळतं त्याच्या आतच. मुलाला धरायला कुणीतरी आत लागेल, त्याला लेड ॲप्रन मागून घ्या. तुम्हाला दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर बाबांना आत पाठवा.

येताना ढगळ बाह्यांचा शर्ट घाला, कडं आणि धातूचा ताईत काढून ठेवा. नुसता काळा दोरा चालतो. आजीने हळद-चुन्याचा लेप लावला असेल तर अलगद पुसून या, त्याची सावली फिल्मवर येते. कच्चं प्लास्टर असेल तर तसंच राहू द्या, मी ते डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय काढत नाही. आणि काहीही झालं तरी हाडवैद्याकडे नेऊन कोपर चोळून घेऊ नका. मार लागलेलं कोपर चोळलं की भोवतीच्या स्नायूत हाड धरू शकतं, मग सांधा आखडतो आणि तो सोडवताना फार त्रास होतो.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी तेवढ्यावर प्लास्टर काढायला लावू नका. नस, लिगामेंट, कूर्चा यांतलं काहीच एक्स-रेत दिसत नाही, आणि बारीक चीर पहिल्या दिवशी लपूनही राहते. दहा-पंधरा दिवसांनी तिथे नवं हाड धरू लागतं तेव्हा ती कळते, म्हणून डॉक्टर पुन्हा एक्स-रे सांगू शकतात. त्या वेळी उद्याच्या फिल्म बरोबर घेऊन जा.