कॉल कधी येईल? लोको पायलटच्या घरच्यांचे प्रश्न

प्रश्न : माझे मिस्टर मालगाडीवर लोको पायलट आहेत. घरी यायची वेळ ठरलेली नाही. कधी पहाटे चार, कधी भर दुपार. क्वार्टर दोन खोल्यांचं, घरात सासूबाई आणि पाच व नऊ वर्षांची मुलं. ते झोपले की मी दिवसभर सगळ्यांना गप्प बसवत असते. तरी चार-पाच तासांत त्यांना जाग येते आणि चिडचिड सुरू होते.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : चार-पाच तासांत जाग येणं ही तुमची चूक नाही, मुलांचीही नाही. रात्र जागून सकाळी झोपलेल्या माणसाचं शरीर दुपारकडे आपोआप जागं व्हायला लागतं. म्हणून सलग आठ तासांचा हट्ट सोडा आणि झोपेचे दोन भाग करा. घरी आल्या आल्या चार-पाच तासांची मोठी झोप आणि पुढच्या ड्युटीआधी साधारण दीड तासाची दुसरी.

ड्युटी आठ तास किंवा जास्त झाली तर हेडक्वार्टरला (म्हणजे नेमणुकीच्या मूळ ठिकाणी) १६ तासांची विश्रांती मिळते, कमी झाली तर १२ तासांची. ही मोजणी साइन ऑफपासून, म्हणजे ड्युटी संपल्याच्या नोंदीपासून सुरू होते. लॉबीतून (ड्युटीची नोंद होते त्या कार्यालयातून) घरी येणं, आंघोळ, जेवण सगळं त्यातच गेलं. म्हणून आल्यावर पहिला हक्क झोपेचा. भाजी आणणं, बँक, पाहुणे हे सगळं मोठ्या झोपेनंतर.

बऱ्याच घरांत प्रेमापोटी एक गोष्ट होते : बारा वाजता उठवून "गरम गरम जेवून घ्या, मग परत झोपा." असं उठवलं की दुसऱ्यांदा झोप लागत नाही. त्याऐवजी आल्यावर मऊ वरणभात किंवा अर्धी भाकरी आणि पातळ भाजी द्या. पूर्ण जेवण उठल्यावर. चहाचा अंमल पाच-सहा तास टिकतो, त्यामुळे ड्युटीच्या शेवटच्या टप्प्यातला आणि घरी पाऊल टाकल्यावरचा, असे दोन्ही चहा टाळायला सांगा.

आता आवाजाचं. एकसारखा चालणारा आवाज झोप मोडत नाही, मध्येच येणारा मोडतो. कूलरची घरघर उलट उपयोगी पडते; बाकीचे आवाज तिच्यात बुडतात. झोप मोडते ती कुकरच्या शिट्टीने, मिक्सरने, दाराच्या बेलने. वाटण आणि डाळ-भात ते यायच्या आधी उरकून ठेवा, बेल बंद करा, दारावर "बेल वाजवू नये" अशी चिठ्ठी लावा. खिडकीला पडद्याच्या आत जाड काळं कापड लावा. उजेड बहुतेक वेळा पडद्याच्या वरच्या फटीतून येतो, तेव्हा कापड गजाच्या वरपर्यंत न्या. कूलर त्याच खिडकीत असेल तर त्याच्या हवेची वाट तेवढी मोकळी ठेवा.

पाच वर्षांच्या मुलाला चार तास कुजबुजायला लावणं जमणारं नाही आणि तसं करूही नये. बाबा घरी आले की आपल्याला ओरडा बसतो, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. त्याची दंग्याची वेळ ग्राउंडवर किंवा शेजाऱ्यांकडे काढा.

राहिला फोन. ड्युटीवर बोलावणारा लॉबीचा कॉल चुकता कामा नये म्हणून तो बंद ठेवता येत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून फक्त लॉबीच्या नंबरांना आणि तुमच्या नंबराला परवानगी द्या. फोन पलंगापासून चार हात लांब, पण रिंगचा आवाज पूर्ण. आणि जाग आल्यावरची पहिली वीस-तीस मिनिटं डोकं जड असतं. फीची पावती, सासर-माहेरची तक्रार तेवढा वेळ बाजूला ठेवा.

प्रश्न : मुलीचा वाढदिवस, घरातलं लग्न, पालकसभा, काहीच ठरवता येत नाही. सगळं मी एकटीनेच करायचं का?
– एक वाचक, अजनी, नागपूर

उत्तर : मेल-एक्स्प्रेसच्या लिंकवर, म्हणजे आधी ठरलेल्या ड्युटीच्या वेळापत्रकावर असतील तर पुढचे दिवस बऱ्यापैकी कळतात. मालगाडीला लिंक नसते. मग आधार पिरिऑडिक रेस्टचा (पीआर, म्हणजे ठरावीक मोठ्या विश्रांतीचा) : महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच. वाढदिवस तारखेला नाही, पीआरला करा. मुलीला आधीच सांगितलं तर ती हिरमुसत नाही. लग्नासाठी मात्र पीआरच्या भरवशावर राहू नका, रजेचा अर्ज लवकर टाका. पालकसभेला वेगळी वेळ मागा, वर्गशिक्षिका सहसा देतात.

एकटीने करायच्या गोष्टींची हद्द दोघांनी बसून ठरवा : किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता, कोणते निर्णय थांबवून ठेवायचे. हप्ता मूळ पगार आणि महागाई भत्त्यात बसेल एवढाच घ्या. किलोमीटर भत्ता दर महिन्याला बदलतो, रजा घेतली की घटतो, आणि मग वाद पैशांवरून होतो.

शिवाय प्रत्येक पीआरमध्ये दोन तास तुमचे. त्या वेळात मुलं आणि स्वयंपाक त्यांच्याकडे, तुम्ही घराबाहेर. थकवा तुम्हालाही येतो आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

प्रश्न : ते गाडीवर असताना घरी काही झालं तर कळवायचं कसं? फोन बंद असतो.
– एक वाचक, दौंड

उत्तर : गाडी चालवताना मोबाइल बंद ठेवायचा असतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा फोन लावण्यात वेळ घालवू नका. लॉबीला फोन करा. नाव, पदनाम, साइन ऑनची (ड्युटीवर हजर झाल्याची) वेळ आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगा; पुढचं लॉबी आणि कंट्रोल (गाड्यांचा नियंत्रण कक्ष) बघतात. लॉबीचे नंबर, रेल्वे हॉस्पिटलचा नंबर आणि घरातल्या प्रत्येकाच्या उमीद कार्डाची (रेल्वेच्या वैद्यकीय ओळखपत्राची) छापील प्रत फ्रिजजवळ चिकटवा. सासूबाईंना वाचता येईल एवढं मोठं अक्षर हवं.

प्रश्न : सर्दी-खोकल्याला घरातलंच औषध दिलं तर चालेल ना?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : नको. काही कफ सिरपमध्ये आणि होमिओपॅथीच्या थेंबांत अल्कोहोल असतं, आणि साइन ऑनला ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी असते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने झापड येते. इंजिनात ती धोक्याची. रेल्वे डॉक्टरकडे जा आणि "रनिंग ड्युटी आहे" हे आधी सांगा. ताप असेल तर कॉलची वाट न बघता लॉबीला कळवून सिकमध्ये (आजारी असल्याची नोंद करून) जाऊ द्या. तोवर वाफ, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि आल्याचा काढा चालेल.