जॉयस्टिकने पॅन करताना बसणारा झटका

तुम्ही लिहिलंय की अंतरपाट दूर झाल्यावर गिंबलच्या (कॅमेरा मोटरने स्थिर ठेवणाऱ्या हँडलच्या) जॉयस्टिकने वधूच्या चेहऱ्यावरून वराकडे ८५ मिमी लेन्सने पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, सुरुवातीलाच झटका बसतो, आणि थांबताना कॅमेरा मुंडावळ्या ओलांडून मागे उभ्या असलेल्या मामांवर जातो. फॉलो स्पीड अगदी तळाला नेला, स्मूदिंग पूर्ण वाढवलं, तरी उपयोग नाही.

फॉलो स्पीडने हे सुटणार नाही. हँडल फिरवल्यावर कॅमेरा किती चटकन मागोमाग वळतो, एवढंच ती सेटिंग ठरवते. जॉयस्टिकचा वेग वेगळा असतो, आणि पॅन, टिल्ट (वर-खाली), रोल (चौकट तिरकी करणं) या तिन्हींसाठी सहसा स्वतंत्र देता येतो. तुम्हाला आत्ता फक्त पॅनचा हवाय.

किती ठेवायचा? सिनेमॅटोग्राफरांचा जुना ठोकताळा असा, की सेकंदाला २४-२५ फ्रेमवर एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जायला साधारण ७ सेकंद लागावेत, नाहीतर चित्र थरथरतं. फुल फ्रेम सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आडवी सुमारे ७४ अंश बघते, ८५ मिमी जेमतेम २४. म्हणजे २४ मिमीवर सेकंदाला १० अंश चालून जातात, पण ८५ वर साडेतीनच्या आसपासच थांबायला हवं. मंडपाच्या वाइड शॉटसाठी बसवलेला वेग क्लोजअपला तिप्पट वाटतो तो यामुळे.

आता माझं ठाम मत. कमाल वेग इतका कमी करा की जॉयस्टिक पूर्ण टोकापर्यंत दाबल्यावर तुम्हाला हवा तोच पॅन मिळेल. वेग जास्त ठेवून काडी अर्धवट दाबून धरली, तर अंगठ्याची बारीकशी थरथरही चित्रात उतरते. टोकाला टेकलेल्या अंगठ्याला सांभाळण्यासारखं काही उरत नाही.

स्मूदिंग थोडं खाली आणा. ते वाढवलं की मोटर हळूहळू वेग घेते, तशीच सोडल्यावर हळूहळू थांबते. मामा चौकटीत येतात ते त्यामुळेच. मधल्या मूल्यापासून सुरू करा आणि वराचा चेहरा मध्यावर पोचायच्या किंचित आधी अंगठा काढा. किती आधी, ते हाताला सरावाने कळतं. घरी दोन खुर्च्या जोडप्याइतक्या अंतरावर ठेवून बघा, आणि त्याच लेन्सने. तुमच्या मॉडेलला जॉयस्टिकचा डेडबँडही (काडी सरकूनही काही न होण्याचा सुरुवातीचा टप्पा) असेल, तर तो फार मोठा नको. काडी बरीच सरकेपर्यंत काहीच होत नाही, आपण अजून दाबतो आणि कॅमेरा एकदम उडी मारतो.

मोडकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. पॅन फॉलोमध्ये (हँडल आडवं वळवलं की कॅमेराही वळतो, त्या मोडमध्ये) अंगठा उजवीकडे दाबला की मनगटही थोडं वळतं, आणि गिंबल तेही हुकूम म्हणून घेतो. दोन हालचाली एकमेकींत मिसळतात. एका जागी उभं राहून जॉयस्टिकने पॅन करायचा असेल तर लॉक मोड घ्या, त्यात कॅमेरा हँडलमागे वळत नाही. डीजेआयच्या रोनिन गिंबलवर ट्रिगर दाबून धरला तरी तेच होतं. झियुनच्या क्रेन गिंबलवर फुल फॉलोमध्ये (पॅन आणि टिल्ट दोन्ही हँडलमागे जातात तेव्हा) हीच जॉयस्टिक रोल करते, तेव्हा चौकट तिरकी झाली तर बिघाड समजू नका. पॅन फॉलोमध्ये टिल्टचा अक्ष स्थिर असतो, त्यामुळे हारापासून चेहऱ्यापर्यंत वर जाणारा शॉट त्याच मोडमध्ये खुशाल घ्या.

हे सगळं एका वेगळ्या प्रोफाइलमध्ये साठवा, वाइड लेन्सचं दुसऱ्यात. अक्षता पडत असताना मेनू उघडायला वेळ मिळत नाही.

एवढं करूनही सुरुवातीचा झटका राहिला तर मोटर बंद करून बॅलन्स बघा. कॅमेरा वर, खाली, बाजूला जिथे सोडाल तिथेच राहिला पाहिजे. विशेषतः पॅनचा अक्ष: हँडल आडवं धरल्यावर बाहू आपोआप फिरला, तर तो बॅलन्स चुकलेला आहे. तो आधी नीट करा, मग मोटरचं ऑटो ट्यून (मोटरची ताकद आपोआप जुळवणं) चालवा आणि त्यानंतरच पुन्हा वेगाकडे वळा.