दर रविवारी नवी जागा कशासाठी?

‘ताई, माझी मुलगी दुसरीत आणि मुलगा ज्युनिअर केजीत आहे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो, दोघंही नोकरी करतो. फेब्रुवारी लागला की घरात नुसती धावपळ असते. शाळेत शिवजयंती, मराठी भाषा दिन, विज्ञान दिन. प्रत्येकाला काही ना काही करून न्यायचं. रविवारी सोसायटीतल्या चार कुटुंबांचा ग्रुप कुठेतरी जातोच. कधी हुरडा पार्टी, कधी कृषी पर्यटन, कधी वॉटर पार्क. मुलं येताना गाडीत भांडतात, घरी आल्यावर रडतात. मागच्या आठवड्यात विज्ञान दिनासाठी मी रात्री साडेबारापर्यंत जागून ज्वालामुखीचं मॉडेल केलं. सकाळी मुलगी म्हणाली, “हा माझा नाहीच, आईचा आहे.” नवरा म्हणतो, “एवढं करतेसच कशाला? सोडून दे.” पण सोडलं तर मुलं मागे पडतील अशी भीती वाटते. आता रंगपंचमीच्या सुमारास ग्रुपने मुळशीकडच्या एका रिसॉर्टचं बुकिंग केलंय. जाऊ की नको?’
– एक दमलेली आई

नमस्कार,

तुमच्या मुलीचं वाक्य तुम्हाला लागलं असणार. पण ती खरं बोलली आणि तुमच्याशी बोलली, याचा मला आनंद झाला. सात वर्षांच्या मुलीला आपलं काय आणि आईचं काय हे कळतं. तिला स्वतः केलेलं काहीतरी वर्गात न्यायचं होतं.

पुढच्या वर्षी 28 फेब्रुवारीच्या एक दिवस आधी तिला मंडईतून निशिगंधाचे चार पांढरे दांडे आणून द्या. दोन साध्या पाण्यात ठेवायचे, दोन निळा खाण्याचा रंग घातलेल्या पाण्यात. देठ तिने तिरके कापायचे, तुम्ही शेजारी बसा. दुसऱ्या दिवसापर्यंत फुलांत निळसर छटा उतरायला लागते. पाणी देठातून वर चढतं हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असेल, आणि वर्गात उभं राहून तेच ती सांगेल. सी. व्ही. रामन यांनी 1928 साली याच तारखेला प्रकाशाच्या विकिरणाबद्दलचा आपला शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस साजरा होतो. बघणं आणि बघितलेलं सांगणं एवढं तिला जमलं तरी तो दिवस तिचा झाला. थर्माकोलचा डोंगर देखणा दिसतो, पण तो कुणाच्या हातचा आहे हे बाईंना पहिल्या नजरेत कळतं.

आणखी एक. 19, 27 आणि 28 फेब्रुवारी या तारखा दर वर्षी त्याच असतात. जानेवारीतच कॅलेंडरवर खुणा करा आणि तिन्हींपैकी एकाच दिवसासाठी वेशभूषा किंवा मॉडेल करायचं असं मुलीला बरोबर घेऊन ठरवा. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, म्हणजे भाषा दिनाला, चार ओळी पाठ म्हटल्या तरी पुरे. धाकट्याला भाड्याचा जिरेटोप आणि चिकटवलेल्या मिशा टोचत असतील, तर डायरीत दोन ओळी लिहून बाईंना तसं कळवा. चार वर्षांच्या मुलाच्या आईने एवढं लिहिलं तर त्यात कमीपणा नाही.

आता रविवारबद्दल. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या घरातली खरी दमछाक इथे आहे असं मला वाटतं.

सहलीला जाणं चांगलंच. पण दर वेळी नवी जागा, नवी माणसं, जाता-येता दोन-दोन तास गाडी आणि मध्ये मार्चचं ऊन. पुण्यात या दिवसांत दुपारी पारा सहज पस्तिशीच्या पुढे जातो. त्यात लहान मुलाची दुपारची झोप बुडते, रात्री घरी यायला उशीर होतो आणि सोमवारी सकाळी शाळेची बस दारात. चौथ्या वर्षी मुलाला दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप लागते, तुमच्या मुलीला 9 ते 12. गाडीतली भांडणं आणि घरी आल्यावरचं रडणं मला तरी हट्टीपणा वाटत नाही. ती झोप मागतायत.

म्हणून माझं सांगणं असं, की हे तीन महिने एकच जागा धरा. तुम्हाला तळजाई जवळ आहे. सकाळी सातला निघा, साडेनऊला घरी या. टेकडीवर, किंवा तुमच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर, एक काटेसावर शोधून ठेवा. आत्ता मार्चच्या सुरुवातीला तिच्यावर शेवटची लाल फुलं असतील. फांद्यांवर पान नसतं, पण साळुंक्या, बुलबुल, कावळे मधासाठी गर्दी करतात. खाली पडलेलं फूल मुलाच्या हातात द्या. त्याच्या पाकळ्या इतक्या जाड आणि जड असतात की तो ते लगेच टाकणार नाही. खोडावरचे काटे मुलीला बोट लावून बघू दे, जपून. पंधरा दिवसांनी त्याच झाडाखाली जा. फुलं संपलेली असतील आणि हिरवी बोंडं धरलेली दिसतील. एप्रिलमध्ये ती उकलतात आणि कापूस वाऱ्यावर उडायला लागतो. मग मुलं आपण होऊन विचारतील, ‘आपल्या झाडाचं काय झालं?’ हा प्रश्न वॉटर पार्कमधून परतताना कधी येत नाही, कारण तिथे त्यांनी काही वाढताना पाहिलेलं नसतं.

टेकडीचा कंटाळा आला तर संध्याकाळी पु. ल. देशपांडे उद्यान आहेच, तुमच्याच रस्त्यावर. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलेलं आहे, आणि तिथल्या पाण्यातले रंगीत मासे बघत लहान मूल कितीतरी वेळ रमतं. त्याला रमू द्या, ‘चला, पुढे अजून खूप आहे’ म्हणू नका. कात्रजचं प्राणिसंग्रहालय सुटीत कराच, फक्त बुधवार सोडून, कारण त्या दिवशी ते बंद असतं. पण 130 एकर एका दिवसात उरकू नका. हत्ती आणि साप बघून परत आलात तरी चालेल, वाघ पुढच्या खेपेला. आणि धाकट्याला स्वारगेटहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला (आताचं जिल्हा न्यायालय स्थानक) नेऊन, तिथे गाडी बदलून डेक्कनला उतरवलंत, तर त्याच्यासाठी तीसुद्धा पूर्ण सहल आहे.

तुमच्या यजमानांशी मात्र स्पष्ट बोला. ‘सोडून दे’ म्हणणं सोपं आहे. पण सोडायचं काय आणि उरलेलं कुणी करायचं, याचं उत्तर त्यांनीही द्यायला हवं. महिन्यातले दोन रविवार मुलांना टेकडीवर नेण्याचं काम पूर्ण त्यांचं असू दे. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गूळ-शेंगदाण्याचा डबा, सगळं. तुम्ही यादी करून द्यायची नाही आणि मधूनच फोनही करायचा नाही. टोपी एखाद वेळी विसरेल, पुढच्या वेळी त्यांच्या लक्षात राहील. त्या सकाळी तुम्ही झोपा.

मागे पडण्याच्या भीतीबद्दल लिहिताना मला तुमची फार काळजी वाटते. ही भीती तुमच्या मुलांकडे बघून आलेली नाही. तुमच्या पत्रात मुलगी वाचत नाही, मुलगा बोलत नाही, बाईंनी तक्रार केली, असं एक अक्षरही नाही. ती आलीय ग्रुपवरच्या फोटोंमधून आणि इतर आया किती करतात या हिशोबातून. नोकरी करून रात्री साडेबारापर्यंत मॉडेल करणाऱ्या बाईने स्वतःला कमी समजावं याचं मला खरोखर वाईट वाटतं. ग्रुप महिनाभर म्यूट करून बघा. मैत्री त्याने तुटत नाही.

राहिली रंगपंचमी. या वर्षी रिसॉर्टला जाऊ नका. मुलीची वार्षिक परीक्षा जवळ आली असेल आणि तुम्हीही थकला आहात, एवढं कारण पुष्कळ आहे. आजच कळवा, म्हणजे इतरांना खोल्यांचा हिशोब जुळवता येईल: ‘आम्ही या वेळी येत नाही, मुलांना विश्रांती हवी आहे. तुम्ही मजा करा.’ एवढंच लिहा, सबबी नकोत. आगाऊ भरलेल्यातले काही पैसे बुडाले तर बुडू द्या.

आणि रंग घरीच करा. पळसाची वाळलेली फुलं काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. आदल्या रात्री मूठभर फुलं पाण्यात उकळून तशीच झाकून ठेवा, सकाळी गाळून घ्या, छान केशरी पाणी तयार होतं. फुलं मुलांना निवडू द्या, उकळायचं काम मोठ्यांनी करा. मग सोसायटीच्या आवारात सकाळी नऊच्या आत रंग खेळा. जी कुटुंबं रिसॉर्टला जाणार नसतील त्यांनाही बोलवा. अशी आणखी एखादी आई तुमच्या इमारतीत नक्की निघेल.

तुमची,
ताई