पांढरे शर्ट जास्तीचे आणा

ताई, पुढच्या उन्हाळ्यात ठाण्याहून इस्राएलमध्ये अश्दोदला यायचं ठरतंय, मुलगा आठवीत जाईल, मुलगी तिसरीत, दोघं आजवर कॉन्व्हेंटमध्ये शिकलीत. त्यांना धार्मिक शाळेत घालू की साध्या, सणावाराला शाळेत काय चालतं, आणि मुलं बुजतील का, हे तुम्ही विचारलंत. आम्हीही तुमच्यासारखेच ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू; २०१५ च्या ऑगस्टमध्ये इथे आलो तेव्हा आमची दोघं साधारण याच वयाची होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरकारी शाळा आपल्यासाठी दोन तऱ्हेच्या. ‘ममलख्ती’ म्हणजे साधी, ‘ममलख्ती-दाती’ म्हणजे धार्मिक. हरेदींच्या, म्हणजे कट्टर धार्मिक ज्यूंच्या, शाळा निराळ्याच, तो आपला रस्ता नाही. शिक्षण तीन ते अठरा वर्षांपर्यंत सक्तीचं आणि मोफत आहे, पण ‘मोफत’ शब्दावर फार विसंबू नका. सहल, कार्यक्रम, विमा असं करत पालकांकडून दर वर्षी पैसे घेतातच. नाव नगरपालिकेत घालायचं असतं आणि शाळा बहुतेक राहत्या पत्त्यावरून मिळते. तेव्हा घर भाड्याने घ्यायच्या आधी शाळा बघा. आम्ही उलटं केलं.

आम्ही मुलीला दातीत घातलं, मुलाला साध्या शाळेत. ठरवून नाही, जागा मिळाली तसं. दातीत दिवस प्रार्थनेने सुरू होतो, मुलगे किप्पा (छोटी टोपी) आणि त्सित्सित (झालरीचं धार्मिक वस्त्र) घालून, मुली गुडघ्याखाली येणाऱ्या स्कर्टमध्ये. साध्या शाळेत तनाख, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, शिकवतात, पण विषय म्हणून. सण दोन्हीकडे होतात. फरक पडतो तो घरी. आमच्या घरी शुक्रवारी किद्दुश, म्हणजे शब्बातच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) स्वागताची प्रार्थना, मटणात दूध-दही नाही, नारळाचं दूध, हे सगळं ठाण्यासारखंच. पण शनिवारी दुपारी गाडी काढून समुद्रावर जायचो. दोन महिन्यांत मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “आई, शब्बातला गाडी नाही.” तुमचं घर शनिवारी खरोखर जसं असतं तसं डोळ्यासमोर आणा आणि त्यावरून शाळा निवडा. नातेवाईक ‘दातीतच घाला’ म्हणून बजावतील. त्यांना चहा द्या.

पहिला धक्का सणांचा नाही, गोंगाटाचा. ‘बाई’ नाही, ‘सर’ नाही. मोराला, म्हणजे शिक्षिकेला, मुलं नावाने हाक मारतात आणि वर वाद घालतात. गणवेश म्हणजे शाळेचं चिन्ह छापलेला टी-शर्ट, बाकी जीन्स. रविवारी शाळा! शुक्रवारी प्राथमिक शाळा दुपारपर्यंतच. सकाळी दहाच्या सुमाराला ‘अरुखात एसेर’ म्हणून वर्गातच डबा खातात. दातीत मी पहिल्या आठवड्यात चिकनचं सँडविच दिलं, ते जसंच्या तसं घरी आलं, सोबत चिठ्ठी: वर्गात फक्त दुधाचं चालतं. चीज, काकडी, फार तर चॉकलेट लावलेला पाव. थालीपीठ चालतं, मी विचारून घेतलंय.

शाळा १ सप्टेंबरला सुरू होते आणि लगेच सण लागतात. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, मग दारफाळणी म्हणजे योम किप्पूरचा उपवास, मग सुक्का, मांडवाचा सण. त्या महिन्यात अभ्यास फारसा होत नाही, कुठलंही काम काढा, ‘सणांनंतर’ हेच उत्तर. ठाण्यात रोश हशानाला मुलांना सुट्टी हवी तर मी चिठ्ठी लिहायची आणि बाई विचारायच्या, हा कुठला सण. इथे सगळा देशच बंद. दारफाळणीची मात्र मला सवय व्हायला वेळ लागला. आपण दारं लावून, पांढरे कपडे घालून आत बसणारी माणसं. इथे रस्त्यावर एक गाडी नसते आणि अख्ख्या गावातली पोरं हमरस्त्यावर सायकली फिरवतात. तुमच्या मुलीला सायकल येत नसेल तर आत्ताच शिकवा, हे मी थट्टेने म्हणत नाहीये.

हनुक्काला, म्हणजे दिव्यांच्या सणाला, आठवडाभर सुट्टी, तेलात तळलेले सुफगानियोत (डोनट), आणि भोवरा. पुरीम म्हणजे आपण बेने इस्राएल ज्याला होळीचा सण म्हणतो तो. पुरीमचा अदार महिना लागला की शाळेत रोज काहीतरी: पायजमा घालून यायचा दिवस, उलटे कपडे घालायचा दिवस, शेवटी वेषांतर. एकमेकांना खाऊची पुडी द्यायची असते, त्यात मी पुरणपोळीचे चतकोर घालते. वर्गात आता त्याची वाट बघतात.

पण मला सगळ्यात आठवतो तो पहिला तू बिश्वात. झाडांचा सण, शाळेतून रोप लावायला नेतात आणि सुकामेवा खातात. मोरा म्हणाली, घरी जे करता ते घेऊन या. मी मलिदा, एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने करायचा आपला प्रसाद, केला: पोहे, नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. रात्री पालकांच्या ग्रुपवर निरोप आला की वर्गात एका मुलाला बदाम-पिस्त्यांची ॲलर्जी आहे. अकरा वाजता डबा उघडून पिस्ते वेचत बसले, मग वैतागून सगळा मलिदा पुन्हा नवा केला. दुसऱ्या दिवशी मोराने विचारलं, हा कशासाठी? मुलीने तोडक्यामोडक्या हिब्रूत एलियाहू हन्नाबीचं सांगायला घेतलं, अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर रथाच्या खुणा आहेत म्हणून. ‘रथ’ला शब्द येईना. तिने फळ्यावर घोडे काढले, चाकं काढली. एक मुलगा ओरडला, “मेरकावा!” आणि वर्ग हसायला लागला, कारण मेरकावा म्हणजे रथ, आणि तेच इथल्या सैन्याच्या रणगाड्याचं नाव. तिला वाटलं आपल्यालाच हसतायत. घरी येऊन रडली. तीन दिवसांनी मैत्रिणीने समजावलं तेव्हा तीच हसत सुटली. वर्गात ती अजून ‘मेरकावा’ आहे.

मुलाचं खरं सांगते, आठवीत येणाऱ्याला जड जातं. तिसरीतली मुलगी सहा महिन्यांत बडबडायला लागेल. मोठ्याला पुस्तकं स्वरचिन्हांशिवाय वाचायची असतात आणि वर्गातली टोळी आधीच जमलेली असते. नव्या मुलांना हिब्रूचे जास्तीचे तास मिळतात, ते मागून घ्या, आपणहून कोणी देईल म्हणून थांबू नका. आमच्या मुलाला ‘त्सोफिम’मध्ये, म्हणजे स्काऊटमध्ये, घातल्यावर मित्र मिळाले. वार्षिक सहलीबरोबर बंदूकधारी रक्षक असतो, घाबरू नका. रॉकेट हल्ल्याचा भोंगा वाजला की निवाऱ्यात जायचा सराव शाळेत पहिल्या महिन्यातच होतो. अश्दोदला निवाऱ्यात पोचायला ४५ सेकंद मिळतात. हे मी लपवणार नाही.

एका शाळेत, नाव नको, मला विचारलं गेलं होतं की भारतातले ज्यू म्हणजे नक्की ज्यूच ना. मी तिथे उभ्या उभ्या सांगितलं, १९६४ मध्ये तुमच्या क्नेसेटमध्ये, म्हणजे संसदेत, याची चर्चा संपली आहे. आवाज जरा चढला होता. मुलांसमोर हा वाद तुम्हाला टाळता येणार नाही, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्याकडून पहिल्यांदा ऐकायला नको.

आता सामानाचं. शाळा सोडल्याचे दाखले, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, लसीकरणाचं कार्ड, सगळ्याची इंग्रजी प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. आणि पांढरे शर्ट. दातीत हिब्रू महिन्याच्या पहिल्या दिवशी, रोश खोदेशला, पांढरा शर्ट. शावुओतला, म्हणजे पहिल्या पिकाच्या सणाला, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात फळांची टोपली, पांढरा शर्ट. योम हझिकारोनला, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनाला, पांढरा शर्ट. त्या पहिल्या वर्षी मला माहीतच नव्हतं, मुलगा लाल टी-शर्टमध्ये गेला. सकाळी अकराला भोंगा झाला, दोन मिनिटं सगळी शाळा पटांगणात उभी, आणि पांढऱ्यांच्या रांगेत हा एकटा लाल. कोणी काही बोललं नाही. मागे उभ्या असलेल्या मुलाने स्वतःचं पांढरं जॅकेट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. ते जॅकेट परत द्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, आणि आता दर पेसाखला, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला, ती माणसं आमच्या टेबलावर असतात.

इथे कापड महाग आहे आणि बटणं लवकर तुटतात. ठाण्याच्या बाजारातून प्रत्येकी चार आणा, मुलाचे एक माप मोठे.