लहान बुद्धिबळ इंजिन: ताकद कुठं स्वस्त मिळते

भाऊ, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन, लिहितोस तर आधी त्याच्या चाली बिनचूक कर. सुरुवातीच्या मांडणीतून चार अर्धचालींनंतर (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धचाल) चालींच्या बरोबर १,९७,२८१ फांद्या यायला पाहिजेत; एकही कमी-जास्त आली तर पुढं जाऊ नको. मग अल्फा-बीटा (निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या न तपासता सोडायची रीत), अन् लगेच मारामारी संपेपर्यंतचा शोध. तो नसला की इंजिन वजिरानं जोरातलं (दुसऱ्या मोहऱ्यानं राखलेलं) प्यादं मारतं, कारण परतीची मार त्याला दिसतच नाही. मोठा मोहरा लहान मोहऱ्यानं मारणारी चाल आधी तपास. एवढ्या थोड्या ओळींत इतकी ताकद दुसरीकडं मिळत नाही.

नल-मूव्ह (आपली चाल सोडूनही डाव चांगला राहतो का ते बघून शोध आवरायची युक्ती) घेशील तर नुसती प्यादी उरल्यावर बंद ठेव. तिथं चाल करणंच नडतं. बदल एकावेळी एकच, अन् जुन्या-नव्या इंजिनात डाव लावून तो ताडून बघ. गावात लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून दर डावाचा निकाल लगेच फाइलीत लिही. वीस डावांवरून काही ठरवू नको.