पुस्तकांच्या दुकानसाखळीला ई-पुस्तकं विकणं जड का जातं?

समजा रत्नागिरी, चिपळूण, कुडाळला शाखा आहेत. तिथं गिऱ्हाईक पुस्तक चाळतं, विक्रेता आणखी दोन सुचवतो, न खपलेला माल बऱ्याचदा प्रकाशकाकडे परत जातो. ई-पुस्तकात यातलं काहीच कामी येत नाही. भाडं, पगार मात्र चालूच राहतात, आणि पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून करावा लागणारा खटाटोपही.

खरी अडचण डिजिटल कुलुपाची आहे. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-वाचन यंत्रावर, घेतलेलं पुस्तक सहसा दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडत नाही. ज्याची शंभर पुस्तकं तिथं आहेत, तो तुमच्याकडे का येईल? अमेरिकेतल्या बॉर्डर्स या पुस्तकांच्या दुकानसाखळीनं 2001 मध्ये ऑनलाइन विक्रीच अ‍ॅमेझॉनकडे सोपवली, 2008 मध्ये स्वतःचं संकेतस्थळ काढलं, 2011 मध्ये दुकानं बंद झाली. बार्न्स अँड नोबल या तिथल्याच दुसऱ्या साखळीनं 2009 मध्ये नूक हे स्वतःचं ई-वाचन यंत्र आणलं. किंडल 2007 पासून बाजारात होतं. ती दोन वर्षं महागात पडली.

मराठीत आणखी एक दुखणं आहे. जुन्या फायली बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात. रूपांतर करताना ‘दऱ्याखोऱ्या’चं ‘दर्याखोर्या’ होतं, म्हणजे डोंगरातल्या दरीचा थेट समुद्र! हे मशीनवर सोडू नका, प्रत्येक पान मुद्रितशोधकाकडून वाचून घ्या. हा खर्च छोट्या खपातून निघणं कठीण. त्यात छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे.

म्हणून स्वतःचं अ‍ॅप काढू नये. प्रकाशकाशी करार करून छापील प्रतीसोबत कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकांचा सर्वसाधारण प्रकार) फाइल द्यावी.