फाइलीतले कांदेपोहे

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगलीचा, आता कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. २०२३ मध्ये पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाला. २०२४ च्या डिसेंबरात तीन आठवड्यांची सुट्टी काढून घरी गेलो. आईने पाच स्थळं हेरून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मिरजेला मुलगी पाहिली, सहाव्या दिवशी साखरपुडा, सोळाव्या दिवशी लग्न आणि एकविसाव्या दिवशी माझं विमान. आता बायकोला स्पॉन्सर करायचंय, म्हणजे माझ्या हमीवर तिला तिकडे न्यायचंय. सांगलीतला एजंट म्हणतो, "इतक्या घाईचं लग्न कॅनडाच्या व्हिसा अधिकाऱ्यांना पटत नाही. दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर ओळख होती असं दाखवू." त्याने माझ्या नावाने दोन पानी इंग्रजी निवेदनही लिहून पाठवलंय, त्यात आम्ही पन्हाळ्यावर पावसात भिजलोय. सही करू का?

उत्तर : नको. सही करू नकोस आणि त्या एजंटला पुढचा हप्ताही देऊ नकोस. (माझ्या धाकट्या भावाच्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते.)

आधी पावसाचा हिशेब करू. पीआर मिळाल्यापासून तू डिसेंबरातच भारतात गेलास. पन्हाळ्यावर पावसात भिजायला पासपोर्टवर जून-जुलैचा शिक्का लागतो. असा एक धागा सुटला की सगळं वस्त्र उसवतं. खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते, आणि तेवढी वर्षं तुझी बायको मिरजेत बसेल. एजंट मात्र तोवर दुसऱ्या कुणाला तरी भिजवत असेल.

ठरवून केलेल्या लग्नाचं त्या अधिकाऱ्यांना वावडं आहे, हा समज कुठून आला देव जाणे. आपल्याकडच्या फाइली वाचणाऱ्याच्या टेबलावर अशी लग्नं रोजची. नियम ४ खाली तो दोन गोष्टी तपासतो : नातं खरं आहे का, आणि लग्न मुख्यतः कॅनडात शिरण्यासाठी केलंय का. २०१० पासून या दोन्हींपैकी एकीत जरी नापास झालात तरी अर्ज फेटाळला जातो. ओळख दोन वर्षांचीच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या समाजात, तुमच्या घरात लग्नं जशी होतात तसं हे झालं का, एवढं तो बघतो. आणि नसेल झालं, तर का नाही. घरातलं पहिलं लग्न आणि सख्खा मामाच फोटोत नाही, तर तो विचारणारच. मामाचं बायपास झालं होतं, तर तसं लिहायचं.

आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्ये ओळख कोणी करून दिली, पहिल्यांदा प्रत्यक्ष कुठे भेटलात, समारंभ कोणते झाले, घरचं कोण कोण हजर होतं, हे विचारलेलं असतं. तिथे कांदेपोहे लिही. खरेखुरे. 'आमची भेट घरच्यांच्या संमतीने झाली' या वाक्यात काहीच नाही, ते लाख फाइलींत असतं. लिहायचं असं : "मिरजेत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या शेजारणीने हे स्थळ सुचवलं. रविवारी आम्ही सात जण त्यांच्याकडे गेलो. मोठी माणसं हॉलमध्ये बसली, आम्ही गच्चीवर वीस मिनिटं बोललो. ती बी.एड. आहे. तिने विचारलं, तिकडे मला शाळेत नोकरी मिळेल का? मी म्हणालो, शिक्षकांना वेगळा परवाना लागतो, कसा काढतात ते मला ठाऊक नाही." हे मी माझ्या मनाने रचलंय, तुमच्या गच्चीवर काय बोलणं झालं ते तुम्हालाच माहीत. पण तिच्या फाइलीत 'ठाऊक नाही' हे शब्द आले तरी बिघडत नाही. उलट असल्या शब्दांनीच माणूस खरा वाटतो.

घाईचं कारणही लिही, लाजू नकोस. रजा तीन आठवड्यांचीच होती, त्याचं कंपनीचं पत्र जोड. पौषात आपल्याकडे लग्नं करत नाहीत आणि त्या वर्षी ३१ डिसेंबरला पौष लागत होता, हेही एका ओळीत सांग. आपल्याला जे न सांगता कळतं, ते वाचणाऱ्याला कळेलच असं धरून चालू नये.

फोटोंबद्दल. अल्बम पाठवायचा नाही. एका मुलाने तीनशे फोटो अपलोड केले होते आणि त्यातल्या चाळीसेक पानांवर अल्बमवाल्याने हौसेने मागे बर्फाचे डोंगर आणि नायगारा चिकटवला होता. नवरी अजून कऱ्हाडच्या बाहेर पडलेली नव्हती! मला ती पानं एकेक करून काढावी लागली. वीस-पंचवीस साधे फोटो पुरतात : साखरपुडा, हळद, सप्तपदी, पंगत, दोन्हीकडची म्हातारी माणसं. प्रत्येकाखाली कोण कोण आहे ते लिहायचं.

आणि खरं वजन लग्नानंतरच्या कागदांना असतं. रोजचे कॉल, पाठवलेले पैसे, विम्यावर नॉमिनी म्हणून तिचं नाव, ती तुझ्या आईकडे सांगलीत राहत असेल तर त्या पत्त्याचे पुरावे, आणि तू परत भेटायला गेलास त्याची तिकिटं. वर्षभरात एकदाही गेला नसशील, तर आधी तिकीट काढ, मग फाइल.

आता माझी गोष्ट सांगते. पाल्हाळ वाटलं तर हा परिच्छेद सोडून दे. १९९६ मध्ये मी साताऱ्याहून अशीच कॅनडाला निघाले होते. तेव्हा मुलाखतीला दिल्लीला जावं लागलं. वडील आणि मी पुण्याहून झेलमने गेलो. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात ह्यांची सगळी पत्रं आणि आयएसडी बूथच्या पावत्या, तारखेनुसार सुतळीने बांधलेल्या. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी डब्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, नवरा काय काम करतो? म्हटलं, सुपरवायझर. पुन्हा विचारलं, पुन्हा सुपरवायझर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चिरकला. त्यांच्यासमोर ह्यांच्या कंपनीचं पत्र होतं : गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात, रात्रपाळी. लग्न ठरताना सासरच्यांनी 'सुपरवायझर' सांगितलं होतं आणि ह्यांनी ते तसंच राहू दिलं. मला रडू आलं ते बाईंसमोर नाही, परतीच्या गाडीत, ग्वाल्हेरच्या आसपास. व्हिसा मिळाला, पण चार महिने उशिरा, जादा कागद मागवून.

तर तुझा पगार, तुझी पाळी, बेसमेंटचं भाडं, घरात आणखी किती जण राहतात, आधीचं काही असेल तर तेही, बायकोला आधी सांग. फॉर्म भरून झाले की तिचे तू वाच, तुझे ती वाचेल.

बाकीचं भराभर : नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपला सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, पण सरकारी मदतीवर असशील तर अडचण येते (अपंगत्वाची मदत त्यात धरत नाहीत). तिचा पोलिस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून, वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस वकील किंवा कॅनडाचा परवानाधारक सल्लागार असावा लागतो, आणि परवानाधारकाचं नाव त्यांच्या 'कॉलेज'च्या, म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतं. सांगलीच्या साहेबांचं नाव तिथे शोधून बघ.

प्रश्न : लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव आहे. फॉर्मवर कोणतं लिहू? (इचलकरंजी)

उत्तर : पासपोर्टवरचं, अक्षर न अक्षर तसंच. ताटातलं नाव 'इतर नावे' या रकान्यात लिहा, म्हणजे आमंत्रणपत्रिकेवर आणि सासूबाईंच्या पत्रात वेगळंच नाव का, याचा उलगडा होतो. स्पॉन्सरशिपसाठी म्हणून पासपोर्ट बदलू नका. तसं कोणी मागत नाही, आणि मधेच पासपोर्ट बदलला तर पोलिस दाखल्यापासून सगळं पुन्हा जुळवत बसाल. नाव आवडलं असेल तर बदला की, पण इकडे आल्यावर सावकाश. मी माझं बदललं नाही. सासूबाई शेवटपर्यंत मला ताटातल्याच नावाने हाक मारत.

प्रश्न : माझे पीआरचे कागद मे २०२४ मध्ये आले. घरच्यांनी सांगितलं, पुढे सोपं जाईल, आत्ताच रजिस्टर करून टाका. जूनमध्ये पुण्यात विवाहनोंदणी केली, ऑगस्टमध्ये मी एकटा कॅल्गरीला उतरलो आणि अविवाहित असंच सांगितलं, कारण खरं लग्न डिसेंबरात झालं. आता अर्जात कोणती तारीख घालू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या सदरात मी सहसा धीर देते, आज तेवढा देता येत नाही.

पहिली गोष्ट, नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली ते दाखल्यावर बघा. विशेष विवाह कायदा, १९५४ असेल, म्हणजे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, तर अधिकाऱ्यासमोरची सही हेच लग्न. मग ऑगस्टमध्ये तुम्ही विवाहित होता आणि विमानतळावर ते लपलं. पीआर होताना जी बायको जाहीर केली नाही, तिची तपासणी झाली नाही, तिला पुढे कुटुंब गटातून स्पॉन्सर करता येत नाही. नियम ११७(९)(ड). तो नियम फार कठोर आहे. 'मुद्दाम केलं नाही' हे कारण त्याला चालत नाही.

हिंदू विवाहाची नोंदणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दाखला लग्नाची नोंद करतो, लग्न लावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हेच बजावलं : विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. व्हिसाच्या सोयीसाठी आधी नोंदणी करून ठेवणाऱ्यांचा तर निकालात उल्लेखच आहे. पण एवढ्यावर हुरळू नका. आपल्याकडे नोंदणीच्या अर्जावर लग्नाची तारीख असते, तीन साक्षीदार असतात, विधी लावणाऱ्या पुरोहितांची सही असते. जूनमध्ये विधी झालेच नव्हते, तर ती सही कोणत्या गुरुजींनी केली? म्हणजे खोटं एकतर पुण्यात बोललं गेलं, नाहीतर कॅल्गरीत.

तारीख 'निवडायची' नाही. दोन्ही कागद घेऊन कॅनडातल्या इमिग्रेशन वकिलाकडे जा, अर्ज भरण्याआधी. मानवतावादी कारणांवर सूट मागण्याची एक वाट आहे, पण ती त्यांच्याच हाताने चालायची.

ज्यांचं लँडिंग (कॅनडात उतरून पीआर पक्का होणं) अजून व्हायचंय त्यांनी हे कापून फ्रिजवर लावा : कागद आल्यानंतर लग्न झालं किंवा नोंदणी केली, तर विमानात बसण्यापूर्वी कळवायचं आणि बायकोला अर्जात घालायचं. जाणं काही महिने लांबेल. लांबू दे.

प्रश्न : मुलगी गेल्या वर्षी स्पॉन्सरशिपवर ओंटारिओत गेली. पीआर झाला आहे. जावई म्हणतात, "तीन वर्षांचा बाँड आहे, तोवर घर सोडलंस तर परत नाशिकला पाठवीन." तिचं पीआर कार्ड त्यांच्याच कपाटात असतं. खरंच पाठवता येतं का? (एक आई)

उत्तर : नाही वहिनी, येत नाही.

तीन वर्षांची हमी आहे, पण ती जावयांनी सरकारला दिलेली आहे. त्या काळात तिने सरकारी मदत घेतली तर भरपाई त्यांना करावी लागते, घटस्फोट झाला तरीसुद्धा. तिने घर सोडू नये, असं बंधन त्या कागदात नाही. दोन वर्षं एकत्र राहण्याची एक अट पूर्वी होती, २०१२ मध्ये आली आणि एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. जावयांनी ती कुठेतरी ऐकली असेल, किंवा त्यांना ती सोयीची वाटत असेल. पीआर हातात येण्याआधी स्पॉन्सरला अर्ज मागे घेता येतो, नंतर नाही. नातं तुटलं म्हणून तिचा पीआर जात नाही. तो दोघांच्या लग्नाचा नाही, तिचा स्वतःचा आहे.

(ज्यांच्या मुलीचा अर्ज अजून चालू आहे आणि ती कॅनडातच आहे, पण घरात मारहाण होते, त्यांच्यासाठी २०१९ पासून एक तात्पुरता परवाना आहे, त्याला शुल्क लागत नाही.)

तुम्ही मारहाणीचं काही लिहिलेलं नाही, मी तुमच्या तोंडी घालत नाही. पण तिला एकटीलाच विचारा, व्हिडिओवर नको, ती दुकानात किंवा बसमध्ये असेल तेव्हा. ९११ हा नंबर तिला माहीत असू द्या. मराठी दुभाषा मागता येतो. पासपोर्ट आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो तिला आजच काढून तुमच्याकडे पाठवायला सांगा. कार्ड मागूनही मिळालं नाही तर हरवलेल्या कार्डासारखा नवीन कार्डाचा अर्ज तिला स्वतःच्या नावाने, नवऱ्याच्या सहीशिवाय करता येतो. पत्ता कोणाचा घालायचा तेवढं आधी ठरवा. माझ्याकडे अशी तीन-चार कार्डं येऊन गेली आहेत, पाकीट मिळालं की मी मुलींना फोन करते.